मागच्या डाव्या पायाची नाल

१

शिकरा मेला हे शेषेरावांना कोणी येऊन सांगितलं नाही. नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत पहाटे जो गलका असतो, घोड्यांचं खिंकाळणं, गाढवांचा ओरडा, टँकरपाशी घागरींची आपटाआपट, तो एकाएकी बसला. मग लातूरकरांच्या राहुट्यांकडून असा आवाज उठला की शेषेरावांच्या हातातलं दातवण गळून पडलं.

शेषेराव जळकोटचे. तरुणपणी निजामाच्या घोडेस्वारांच्या रिसाल्यात होते, आता माळेगावच्या शर्यतीचे पंच. त्यांचा राग मुलखात ठाऊक होता. त्यांची बायको लक्ष्मीबाई म्हणायची, "देवानं ह्यांना नाकाच्या जागी लोहाराचा भाता बसवलाय." तो भाता फुलवतच ते गर्दीत घुसले.

शिकरा आडवा पडला होता. उंच घोडा, कुमैत तांबड्या रंगाचा, कपाळावर कालचा भंडार अजून पिवळाजर्द. माश्यांना बातमी आधीच लागली होती.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याच्या पदरात काय पडलं? एक कलेक्टर, भाड्याच्या घरातल्या कचेऱ्या, आणि पाठोपाठ दुष्काळ. विहिरी आटल्या, चारा छावणीत गेला, शेजारचे जिल्हे हसले. अशात उदगीरच्या मलप्पानं एक घोडा मैदानात आणला, आणि तो कधी हरलाच नाही. कोणत्याही मैदानात, कोणाहीपुढं. औशाच्या बाजारात कांदे विकणारा माणूस 'आपला शिकरा' म्हणू लागला. त्यानं शिकऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं. लोकांनी ताइतात घालायला केस उपटून उपटून त्याची शेपटी अर्धी करून टाकली होती. जिंकल्यावर त्याच्या मागच्या डाव्या पायाची नाल काढत आणि दर वेळी जिल्ह्यातल्या एका गावाला देत. एक औशाच्या वेशीवर होती, एक किल्लारीच्या देवळात, एक जळकोटच्या चावडीवर. शेषेरावसुद्धा येता-जाता त्या नालेला हात लावत.

"पंच, हा बगा आमच्या शिकऱ्याचा काळ," कोणीतरी ओरडलं.

टँकरच्या मागच्या चाकाला एक माणूस बांधला होता. नांदेडकडच्या कंधारच्या लाख्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, हैबती. लाख्या आज शिकऱ्याबरोबर धावणार होता. हैबतीचा ओठ फाटला होता आणि त्यातून दोन दात कमी दिसत होते.

"सकाळी हाच घोड्यापाशी घावला. हातात बादली होती," किल्लारीचा एक गडी म्हणाला. "इख कालवून आणलं होतं भाड्यानं."

गर्दी दुभंगली आणि धोंडप्पा पुढं आला. लातूरच्या गंजगोलाईत त्याचं लोखंडी सामानाचं दुकान. शिकरा मंडळाचा तो अध्यक्ष. कपाळावर विभूती, आवाज बारीक, कोणाला अरे-तुरे म्हणून करायचा नाही. सगळ्या गावांना नाला वाटल्या त्या यानंच, आणि स्वतःसाठी एकही ठेवली नव्हती. मंडळाची पोरं बापाचं ऐकत नसत, पण धोंडप्पाचं ऐकत.

"पंच, दुपारी शर्यतीचं निशाण पडतंय. तवर तुम्ही निकाल द्या," तो म्हणाला. "तवर ह्याला कुणी हात लावणार न्हाई, माझा शब्द हाय. त्याच्यापुढं माझ्या हातात काई न्हाई."

"तुझ्या शब्दाच्या आधी ह्याचे दात कोणी पाडले मग?" शेषेराव म्हणाले.

धोंडप्पानं मान खाली घातली. पोलीस चौकीतले फौजदार लांब उभे राहून घाम पुसत होते. त्यांचे शिपाई मूठभर, आणि लातूरकर मैदानभर. लोह्याहून कुमक मागवली होती, ती निघाली म्हणत होते.

शेषेराव घोड्याजवळ गुडघ्यावर बसले. रिसाल्यातली सवय, मेलेल्या घोड्याचेही त्यांनी एकेक पाय उचलून पाहिले. पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा. चौथा पाय उचलला आणि त्यांचा हात थांबला.

मागच्या डाव्या पायाला नाल नव्हती.

२

"किरळ लागली असंल हो," मलप्पा डॉक्टरांना सांगत होता. "खुरटी हिरवी ज्वारी खाऊन औंदा किती जनावरं गेली. तसंच झालं असंल. लिहून टाका अन् मोकळे व्हा."

जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते, पण घाबरट नव्हते. "मलप्पाशेठ, किरळ गाईम्हशींना मारते. घोडा असा एका रात्रीत जात नाही तिनं. आणि तुमच्या घोड्याला ज्वारी घातली कोणी?" त्यांनी शिकऱ्याचा ओठ वर केला. दाढांमध्ये तूप-गुळात चुरलेली पोळी अडकली होती, आणि त्या पोळीत हिरव्या पानांचे कुटलेले तुकडे. "हा मलिदा आहे, आणि ही कण्हेर."

शेषेरावांनी आजूबाजूला पाहिलं. औंदा साऱ्या रानात हिरवं उरलं होतं ते कण्हेरीच्या झुडपांचंच. रस्त्याच्या कडेला हात घालावा आणि ओरबाडून घ्यावी.

"कधी दिली?"

"पोट पाहता, रात्री. पहाटे नक्कीच नाही. पहाटेपर्यंत तो तडफडत असणार."

"आणि कोणाला ऐकू गेलं नाही."

"रात्रभर तमाशाच्या ढोलक्या चालू होत्या, पंच."

शेषेरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या घोड्यासाठी जिल्हा कोरडा घसा फोडून ओरडत होता, तो इथं दोरांत तडफडत राहिला आणि त्याच्याभोवती सगळे त्याचेच भक्त झोपले होते.

"नालेचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "मेल्यावर कोणी आठवण म्हणून काढून नेली असेल."

"मेलेल्या घोड्याची नाल?" शेषेराव म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही कुठले?"

"साताऱ्याचा."

"तरीच. आमच्याकडं मेलेल्या घोड्याची नाल कोणी दारावर लावत नाही. शिवतसुद्धा नाही. ती घरात मरण ओढून आणते म्हणतात."

त्यांनी तो पाय पुन्हा उचलला. खिळ्यांची टोकं आधी सरळ करून एकेक खिळा नीट ओढून काढलेला. खुराचा कपचासुद्धा उडाला नव्हता. आणि तळव्याच्या कडेला, नाल बसते त्या जागेवर, लीद घट्ट चेपून बसली होती.

"आडवा पडलेला घोडा पाय टेकतो का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "नाही."

"मग नाल निघाल्यावर हा ह्या पायावर उभा होता. म्हणजे नाल काढली तेव्हा शिकरा जिता होता."

३

हैबतीनं शेषेरावांकडे पाहिलं. शेषेरावांनी टँकरच्या नळाखाली ओंजळ धरली आणि त्याच्या तोंडाला लावली. मंडळाची पोरं कुरकुरली.

"पाण्यावर पण तुमच्या मंडळाचा शिक्का आहे का रे?" शेषेराव त्यांच्यावर उखडले. पोरं दोन पावलं मागं सरली.

"बादली कशाला नेलीस?"

"पानी द्यायला." हैबतीचे शब्द दातांच्या फटीतून सांडत होते. "टँकर आला तसे ह्यांचे समदे घागरी घेऊन पळाले. मी आधी उठून नंबर लावला होता. लाख्याला पाजलं, बादलीत उरलं. आमच्या ठाणावरून शिकऱ्याचं ठाण दिसतंय. मान खाली घालून पडलेला दिसला. वाटलं, तान्ह लागली असंल."

"दुसऱ्याच्या घोड्याला? तेही शर्यतीच्या दिवशी?"

"घोडं कुणाचं बी असू दे, मालक, तान्हेलं बघवत न्हाई. आन् तान्हेल्या घोड्याला हरवून लाख्याचं काय नाव होनार?"

बादली तिथंच कलंडली होती. शेषेरावांनी तळाशी राहिलेलं पाणी बोटानं चाटलं.  जो तो त्यांच्या तोंडाकडं पाहू लागला.

"नुसता क्षार लागतोय, कडू नाही," ते म्हणाले. "टँकरच्या पाण्याला लागतोच. काल पहाऱ्याला कोण होतं?"

औशाचा एक जाडजूड पोरगा छाती काढून पुढं आला. "आम्ही. राहुटीच्या चारी अंगाला. दिवस बुडाल्यापासून टँकर येईस्तवर डोळ्याला डोळा न्हाई लावला, पंच. नांदेडकडचं कुत्रं बी आत जाऊ दिलं न्हाई."

"खातरीनं?"

"आईची आन."

"घोडा तडफडला ते ऐकलं नाहीस?"

पोरगा घुटमळला. "पाय आपटत होता. वाटलं, शर्यतीच्या आदल्या रात्री उसळी मारतोय. धोंडप्पाअण्णा बी म्हनले, ऱ्हाऊ द्या, जवळ जाऊ नका, बिथरंल."

शेषेरावांनी एक मोठा श्वास आत घेतला. "आता ऐक. विष रात्री दिलं असं डॉक्टर म्हणतात. रात्री तू परकं कुत्रं आत सोडलं नाहीस. हैबती आला टँकर आल्यावर, तुम्ही सगळे पाण्याला पळाल्यावर. मग ह्यानं रात्री विष कसं दिलं? हात लांब करून?"

पोरगा मागं वळून सोबत्यांकडं पाहू लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "हे पंच नांदेडवाल्यांनी फोडलेले दिसतात."

"कोण बोललं ते? पुढं ये."

कोणी आलं नाही. शेषेराव पोराकडं वळले. "परका आला नाही. आपला कोण आला?"

"आपले म्हंजे... मालक आले. दस्तगीर होता, तमाशाला जाईस्तवर. अन् अण्णा आले. तेवढेच."

शिकऱ्याचा मालक, शिकऱ्याचा स्वार आणि शिकऱ्याचा सगळ्यात मोठा भक्त. शेषेरावांना आणखीच चीड आली. खुनी शोधायला दुसऱ्या जिल्ह्यात जायची गरजच नव्हती.

४

मलप्पा बाजेवर बसून पाय चोळत होता. उदगीरला त्याची डाळीची अडत. माणूस गोल, हसरा. आज हसू मावळलं होतं, पण भूक मावळली नव्हती. समोर भाकरी होती.

"घोडा मेला आणि तू जेवतोस?"

"शेषेराव, रडून दमलो की भूक लागती. माझा स्वभाव हाय तो." त्यानं ताट सरकवलं. "तुमच्या मनात काय हाय ते मला कळतंय. येत्या जिल्हा परिषदेला मी उभा ऱ्हानार, मेलेल्या घोड्यावर मतं मागनार. असंच ना?"

"असंच."

"मग जिता घोडा काय वाईट होता? घोड्यावर बसून फिरलो असतो की गावोगाव. न हरलेल्या घोड्याची पैदास घ्यायला सोलापूर-बिदरचे लोक घोड्या घेऊन दारात उभे ऱ्हायले असते. मेलेला शिकरा माझ्या कोन्त्या कामाचा, यप्पा? हाडं विकू?"

तो बोलला ते कडू होतं, पण व्यापाऱ्याचं म्हणून खरं होतं.

"किरळ किरळ काय लावलं होतंस मग?"

मलप्पानं बाहेर पाहिलं. "तुम्ही ती पोरं बगितली न्हाईत? 'इख' म्हनून लिहिलं की कंधारकरांच्या राहुट्या पेटतील. मला त्यांच्याकडं बी डाळ विकायची हाय."

"रात्री घोड्याजवळ गेला होतास?"

"लांबून. मी त्याच्या मागं कधी जात न्हाई." त्यानं धोतर वर करून गुडघा दाखवला. गुडघ्याची वाटी सरकून एका बाजूला बसली होती. "त्याचा प्रसाद. मागच्या पायाला तो मला हात लावू देत न्हाई. उदगीरचा नालबंद सुदीक दोघांनी धरल्याबिगर नाल ठोकत न्हाई."

"दोघं कोण?"

"दस्तगीर तोंड धरतो." मलप्पानं पाणी प्यायलं. "आन् पाय धरायला कोण असंल तो. मी बगत न्हाई, मला भ्या वाटतं."

शेषेराव उठले तसा तो मागून म्हणाला, "दस्तगीरला विचारा. परवापासून त्याचं तोंड सुतकी हाय. घोडा मरायच्या आधीपासून."

५

दस्तगीर औशाचा. लहानखुरा, चिवट, घोड्याच्या पाठीवर उभा राहून विडी ओढू शकणारा. तो शिकऱ्याच्या रिकाम्या ठाणावर बसून खराऱ्याच्या ब्रशातले केस वेचत होता.

"काल रात्री कुठं होतास?"

"तमाशाला." त्यानं मान वर केली नाही. "लानत है माझ्यावर, पंचसाब. अण्णा म्हनले, तू लई दिवस जागला, आज जरा मन रमव, पहाऱ्याला पोरं हायेत. गेलो."

"परवापासून तोंड का उतरलं होतं?"

तो केस वेचतच राहिला. शेषेरावांनी त्याच्या हातातला ब्रश हिसकावून भिरकावला. "बोल. तिकडं एका माणसाला मारायला लोक दुपारची वाट बघतायत."

"पुढचा उजवा पाय गेला होता त्याचा." दस्तगीर एका दमात बोलला. "नळीवर हात ठेवला की चटका बसायचा. टापेत फरक होता, कुनाला कळत नव्हता, मला कळत होता. लाख्या आज त्याला खाऊन टाकनार होता, पंचसाब. पन त्याच्यात काय मोठं? घोडं हाय. धावतंय, जिंकतंय, एक दिवस हरतंय. मी म्हनलो, शर्यतीत घालू नका. पाय तुटंल. रानात सोडू, मजेत ऱ्हाईल."

"मग?"

"मलप्पाशेठ म्हनले, एवढा जिल्हा जीपा भरून आला, भंडार लागनारच, मागं कसं फिरायचं. धोंडप्पाअण्णा काहीच बोलले न्हाईत. रात्रभर बसून ऱ्हायले. सकाळी मला म्हनले, भंडार लागल्यावर काढला तर काय हुतं? मी म्हनलो, पंचांचा कायदा तुम्हाला माहीत हाय."

शेषेरावांचा भाता थांबला. तो कायदा त्यांचाच होता. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी खंडोबापुढं घोड्याला भंडार लावायचा; भंडार लागलेला घोडा त्याच्याच माणसांनी अडवला, तर तो हरला धरायचा. पूर्वी नावाजलेले मालक समोर तगडा घोडा दिसला की पोटदुखीचं निमित्त करून मागं फिरत आणि न हरल्याच्या बढाया मारत. शेषेरावांनी एका वर्षी चिडून तो नियम घातला आणि लोकांनी डोक्यावर घेतला.

म्हणजे शिकरा धावला असता तर हरला असता. अडवला असता तरी हरला असता.

"जिंकल्यावर नाल काढता, तेव्हा मागचा पाय कोण धरायचं?"

"अण्णा," दस्तगीर म्हणाला. "दुसऱ्या कुनाला तो धरू देत नव्हता. अण्णांनी रोज सकाळी गूळ चारून चारून सवय लावली होती."

मग त्यालाच आपले शब्द ऐकू आले. त्यानं शेषेरावांकडे पाहिलं.

"न्हाई, पंचसाब. अण्णा? अण्णा त्याच्यावर जीव टाकत होते."

"तोंड बंद ठेव," शेषेराव म्हणाले, "आणि डॉक्टरांना म्हणावं, मागच्या उजव्या पायाची नाल काढून द्या. कोणाला दिसता कामा नये."

६

ऊन तापलं होतं. मैदान माणसांनी काळं झालं होतं. लोह्याची कुमक अजून रस्त्यातच होती. पोरांनी हैबतीला चाकापासून सोडून मैदानात आणलं होतं, ते सोडून द्यायला नव्हे. मंचाशेजारी धोंडप्पा उभा होता. सकाळपासून साऱ्या मंडळाचे डोळे सुजले होते. त्याचे कोरडे होते. काखेत नेहमीची कापडी पिशवी.

शेषेराव मंचावर चढले. गर्दीपुढं बोलणं त्यांना जमत नसे. आज राग होता म्हणून आवाज फुटला.

"लोकहो, शिकऱ्याची एक नाल तो जिता असतानाच नाहीशी झाली होती." त्यांनी हात वर केला. उन्हात लोखंड चमकलं. "ही शिकऱ्याची नाल. त्याच्या ठाणाच्या मागं घावली."

खरं तर ती डॉक्टरांनी तिथं उभं राहून उपटली होती. ठाण तेच, घोडा तोच. खोटं असं त्यात काही नव्हतं.

गर्दीतून हुंदका उठला. "शेवटची नाल," कोणी म्हणालं. माणसं पुढं लोटली. औशाच्या त्या जाड पोरानं ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. किल्लारीच्या गड्यानं छातीशी धरली. एकानं मुका घेतला. मलप्पासुद्धा लंगडत आला आणि बोटं टेकवून गेला.

"आता अध्यक्षांच्या हातात द्या," शेषेराव म्हणाले. "पहिला मान त्यांचा होता."

नाल हातोहात धोंडप्पापर्यंत आली. धोंडप्पानं हात पुढं केले नाहीत. तो एक पाऊल मागं सरला.

"घ्या, अण्णा."

"ऱ्हाऊ द्या," धोंडप्पा म्हणाला. "माझं चित्त थाऱ्यावर न्हाई."

पोरानं प्रेमानं ती त्याच्या कपाळाकडं नेली, तसा धोंडप्पानं हात झटकला. नाल खणकन मंचावर पडली.

"का रे, धोंडप्पा?" शेषेराव म्हणाले. "शिकऱ्याच्या शेपटीचा केस पडला तरी उचलून डोळ्याला लावायचास. आज त्याच्या नालेला विटाळ झाला?"

धोंडप्पानं काखेतली पिशवी घट्ट धरली.

"मी सांगतो. ही नाल मागच्या उजव्या पायाची. घोडा मेल्यावर काढलेली. ते मला माहीत, डॉक्टरांना माहीत, दस्तगीरला माहीत. इथल्या बाकी सगळ्यांना वाटलं, ही हरवलेलीच नाल, म्हणून त्यांनी ती डोक्याला लावली. ही ती नव्हे हे आणखी एकालाच ठाऊक असणार. ज्याच्यापाशी ती आहे त्याला."

औशाचा पोरगा सदऱ्याच्या बाहीनं कपाळ खसाखसा पुसू लागला. पण डोळे त्याचे धोंडप्पावर होते.

"नाल जिंकल्यावर काढायची असते. शर्यतीच्या आधी ती कशाला कोण काढेल? शर्यत होणार नाही हे ज्याला माहीत होतं, तोच. आणि मेल्यावर तिला शिवता येणार नाही, म्हणून त्यानं आधी नाल काढली, मग मलिदा चारला. ह्या पायाला घोडा फक्त तुला हात लावू देत होता. पिशवी दे."

धोंडप्पानं पिशवी स्वतःच उघडली. पूजेच्या वस्त्रात गुंडाळलेली नाल त्यानं बाहेर काढली.

७

"तडफडंल असं वाटलं नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "झोपल्यागत जाईल म्हनून सांगितलं होतं एकानं."

"पोरांना जवळ जाऊ नका म्हणालास. ऐकत उभा होतास."

"हाव. उभा होतो." त्यानं मान वर केली. "पंच, तुम्ही समजून घ्या. आपल्या जिल्ह्याला काय हाय? पानी न्हाई, चारा न्हाई, कुनी इचारत न्हाई. एक शिकरा होता. तो ह्या लोकांच्या डोळ्यादेखत हरला असता, तर काय उरलं असतं? आता तो कधीच हरनार न्हाई. माझ्या नातवंडांची नातवंडं सांगतील, शिकरा हरला न्हाई."

गर्दीत कोणीतरी मान डोलावली. शेषेरावांनी ती डोलणारी मान पाहिली आणि त्यांच्या डोक्यात जाळ झाला.

"आणि हा?" त्यांनी हैबतीकडं बोट केलं. "ह्याला ह्यांनी मारून टाकलं असतं. तू शब्द देऊन मोकळा झाला होतास."

"एका माणसाचं काय, पंच," धोंडप्पा म्हणाला. तो उर्मट नव्हता; हिशेब समजावून द्यावा तसा बोलत होता. "मानसं लई हायेत. शिकरा एकच होता."

शेषेरावांनी लाउडस्पीकरचा भोंगा जवळ ओढला.

"पंचाचा निकाल ऐका. काल संध्याकाळी शिकऱ्याला भंडार लागला. आज तो धावणार होता. त्याला रोग झाला नाही, अपघात झाला नाही, परक्यानं मारला नाही. त्याच्याच मंडळाच्या अध्यक्षानं त्याला शर्यतीतून अडवला. कायदा सगळ्यांना माहीत आहे. शिकरा हरला."

 मग धोंडप्पाच्या घशातून एक आवाज निघाला. सकाळपासून कोरडे असलेले डोळे वाहू लागले.

"आता मेला तो," तो म्हणाला. "तुम्ही मारला, पंच."

फौजदारांच्या शिपायांनी त्याला धरलं तेव्हा त्यानं हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

शेषेरावांना वाटलं होतं, लोक आता धोंडप्पावर धावून जातील, त्याला वाचवावं लागेल. पण लोक मंचाकडं धावले. "पंच, निकाल फिरवा." "घोड्याचा काय गुन्हा?" "जिल्ह्याचं नाक कापलं तुम्ही." सकाळी ज्यांनी हैबतीचे दात पाडले, तेच हात जोडत होते, तेच मुठी दाखवत होते. हैबतीची दोरी त्या गडबडीत कोणी सोडली नाही. दस्तगीरनं दातांनी सोडवली.

"ज्याला घोड्याची दया येते त्यानं कुदळ घेऊन या," शेषेराव ओरडले. "सकाळपासून तो उन्हात पडलाय. पुरायचा आहे. कोण येतं?"

माणसं बोलता बोलता पांगली. जीपा सुरू झाल्या. मलप्पा म्हणाला की गुडघ्यामुळं त्याला वाकता येत नाही, आणि ते खरंही होतं.

खड्डा खणायला तिघंच होते. पाऊस न पाहिलेली जमीन, कुदळ मारली की ठिणगी उडायची. हैबती एका हातानं माती ओढत होता, दुसऱ्या हातावर दोरीचे वळ निळे पडले होते. बऱ्याच वेळानं तो थांबला आणि शिकऱ्याच्या पुढच्या उजव्या पायावर तळहात ठेवून त्यानं नळी चाचपली.

"घोडं लई गुणाचं होतं," तो म्हणाला. "पन ह्या पायावर आज आमच्या लाख्यानं ह्याला मागं टाकलं असतं."

"हौ," दस्तगीर म्हणाला. "टाकलंच असतं."

त्यात दोघांनाही काही वाईट वाटलं नाही. शेषेरावांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि पुन्हा कुदळ उचलली.